साईट परत स्लो झाली आणि गूगलवर पण खाली गेली: कुठून बघायला सुरुवात करायची

"साहेब, साईट परत रांगायला लागली, गूगलवर पण दिसत नाय आता" हा मेसेज मला वर्षभर येतो पण जानेवारी-फेब्रुवारीत जरा जास्तच, कारण मी ज्यांच्या साईट्स सांभाळतो त्यात आंबेवाले बरेच आहेत, देवगड रत्नागिरीकडचे, आणि पेट्यांचं बुकिंग जवळ आलं की सगळ्यांना एकदम साईटची आठवण होते. बाकी होमस्टेवाले, क्लासवाले, एखादं दागिन्यांचं दुकान. जवळपास सगळं वर्डप्रेस (साईट बनवायचं सॉफ्टवेअर), अर्ध्यांना वूकॉमर्स (त्यातलं दुकानाचं प्लगइन, म्हणजे जोडसाधन), आणि होस्टिंग शेअर्ड, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साईट्स. फॉल्ट तेच तेच, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

हे दुखणं परत परत येतं कारण दर वेळी कोणीतरी कॅशे प्लगइन (तयार पान साठवून लगेच दाखवणारं) टाकून ताप उतरवलेला असतो आणि आतलं कारण तसंच असतं. म्हणून खालच्या ऑर्डरनेच जा, फुकटचं आधी, खर्चाचं नंतर. उड्या मारू नका.

लक्षणं

यातलं तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते आधी ओळखा, कारण लक्षणावरूनच अर्धं निदान होतं:

- तुमच्या लॅपटॉपवर झटकन उघडते पण गिऱ्हाईक म्हणतं "नुसतं गोल फिरतंय". (तुमच्या ब्राउझरने सगळं साठवून ठेवलंय, गिऱ्हाईक पहिल्यांदाच येतंय.)
- पानाचा मजकूर दिसतो पण वरचा मोठा फोटो उशिरा येतो.
- वाचता वाचता मजकूर खाली सरकतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं.
- पान दिसतंय पण मेनूवर टॅप केलं तर काहीच होत नाही, मग एकदम दोनदा उघडतो.
- ॲडमिन पॅनल पण स्लो. हे महत्त्वाचं. ॲडमिनला पेज कॅशे लागू होत नाही, त्यामुळे तिथे पण रखडत असेल तर फोटोंचा दोष नाही, सर्व्हर किंवा डेटाबेसकडे बघायचं.
- ठरावीक वेळेलाच स्लो, मधूनच "रिसोर्स लिमिट इज रीच्ड" असं ५०८ एरर.
- सर्च कन्सोलकडून (तुमची साईट गूगलवर कशी दिसते ते सांगणारं गूगलचं फुकट साधन) कोअर वेब व्हायटल्सचा (पानाच्या स्पीडचे तीन आकडे, खाली सांगतो) मेल आला.

पहिलं चेक, शून्य खर्च: खरंच स्पीडमुळे खाली गेलात का

हे सगळे गाळतात आणि मग महिनाभर फोटो बारीक करत बसतात. स्पीड हा रँकिंगचा घटक आहे हे खरं, गूगलने २०१० साली तसं जाहीर केलं, २०१८ च्या जुलैत मोबाईल सर्चला लागू केलं आणि २०२१ मधे कोअर वेब व्हायटल्स त्यात आणले. पण वजन किती? २०१८ लाच गूगलने सांगितलं होतं की अगदीच स्लो पानांनाच याचा फटका बसेल. म्हणजे ज्याचा मजकूर चांगला आणि विषयाला धरून आहे तो जरा स्लो असला तरी वर राहू शकतो. तीन सेकंदांवरून अडीचवर आलात म्हणून पाचव्या नंबरवरून पहिल्यावर जाल असं होत नाही, आणि कोणी तसं सांगून पैसे मागत असेल तर सावध.

तर सर्च कन्सोल उघडा, परफॉर्मन्समधे गेल्या ३ महिन्यांची आधीच्या ३ महिन्यांशी तुलना लावा आणि आंबेवाल्यांनी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशीच लावा, नाहीतर सीझन संपल्यावर आलेख पडणारच, त्याला काय स्पीड जबाबदार नाही. आता पडझडीचा आकार बघा. एका दिवसात कड्यावरून पडल्यासारखं असेल तर बहुतेक स्पीड नाही. गूगलचा सर्च स्टेटस डॅशबोर्ड आहे, त्यावर कोअर अपडेटच्या (गूगल रँकिंगमधे करतं त्या मोठ्या बदलांच्या) तारखा असतात, त्या जुळवा. आणि वर्डप्रेसमधे सेटिंग्ज, रीडिंगमधे "सर्च इंजिनांना परावृत्त करा" वाली टिक चुकून लागलीये का ते बघा, थीम बदलताना कोणीतरी लावतो आणि काढायला विसरतो, हे दिसतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं. हळूहळू उतार असेल आणि सोबत व्हायटल्सच्या रिपोर्टमधे लाल पट्टा वाढत असेल, तर मात्र पुढे वाचा.

रँक जरी हलला नाही तरी स्पीड सुधारायला कारण आहेच म्हणा. मुंबई पुण्याचं गिऱ्हाईक लोकलमधे उभं राहून पेटीचा भाव बघत असतं, ते तुमच्या फोटोची वाट बघत नाही, मागे जाऊन खालच्या लिंकवर जातं.

दुसरं चेक, फुकट: आकडा कोणता बघायचा

पेजस्पीड इनसाइट्सवर (गूगलचं स्पीड तपासायचं फुकट साधन) पानाचा पत्ता टाका, मोबाईल टॅब. सगळ्यांची नजर त्या मोठ्या गोलातल्या स्कोअरवर जाते. तो स्कोअर रँकिंगला धरत नाहीत. तो प्रयोगशाळेतला आकडा आहे, मध्यम फोन आणि स्लो ४जी असल्याचं नाटक करून काढलेला, म्हणून दर वेळी ४१, ५५, ४८ असा उड्या मारतो. खरा माल वरच्या भागात असतो, खऱ्या क्रोम वापरणाऱ्यांचा गेल्या २८ दिवसांतला डेटा. त्यात तीन गोष्टी:

एलसीपी, म्हणजे पानावरची सगळ्यात मोठी वस्तू दिसायला लागलेला वेळ: २.५ सेकंदांच्या आत चांगलं, ४ च्या वर वाईट.
आयएनपी, म्हणजे टॅप केल्यावर पान किती लवकर हलतं: २०० मिलिसेकंदांच्या आत चांगलं, ५०० च्या वर वाईट. हे मार्च २०२४ पासून आलं, आधी एफआयडी (फक्त पहिल्या टॅपचा उशीर) होतं.
सीएलएस, म्हणजे उड्या: ०.१ च्या आत चांगलं, ०.२५ च्या वर वाईट.

आणि हे सरासरीवर नाही, १०० भेटींपैकी ७५ भेटींमधे आकडा आत असायला हवा. छोट्या साईटला बऱ्याचदा वर "डेटा नाही" असं येतं कारण तेवढे लोकच येत नाहीत. मग खालच्या प्रयोगशाळेच्या भागातला एलसीपी आणि त्याखालच्या सूचना वापरा, स्कोअर सोडून द्या.

एक साधी टेस्ट अजून: स्वतःच्या फोनवर वायफाय बंद करून इनकॉग्निटोमधे साईट उघडा. मग त्याच पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि काहीतरी अक्षरं, बरोबरचं चिन्ह आणि एक आकडा असं जोडून उघडा. बहुतेक कॅशे अशा पत्त्याला नवीन पान समजून बाजूला ठेवतात, म्हणजे तुम्हाला कॅशेशिवायची साईट दिसते. पहिली पटकन आणि दुसरी रखडत असेल तर कॅशेने झाकलेलं दुखणं सापडलं.

तिसरं चेक: फोटो. इथेच बहुतेक केसेस संपतात

आंबेवाल्या एका काकांच्या साईटचा होमपेज क्रोमच्या नेटवर्क टॅबमधे (पानावर राईट क्लिक, इन्स्पेक्ट, मग नेटवर्क) उघडला आणि साईझवर सॉर्ट केलं तर सगळ्यात वर फोनमधून थेट चढवलेला पेटीचा फोटो, ४००० बाय ३००० पिक्सेल, चार एमबीच्या वर, आणि मोबाईलवर तो दिसत होता जेमतेम ३८० पिक्सेल रुंदीच्या चौकोनात. हिशोब करा, ती स्लो ४जी ची टेस्ट १.६ एमबीपीएस धरते, म्हणजे सेकंदाला साधारण २०० केबी, म्हणजे एकट्या त्या फोटोला २० सेकंद. आणि असे सहा फोटो स्लायडरमधे. आता इथे कॅशे प्लगइन काय करणार, त्याने चार एमबीचाच फोटो जपून ठेवला.

काय करायचं: फोटो चढवायच्या आधीच १२०० ते १६०० पिक्सेल रुंद करा, वेबपी करा (फोटोचा हलका फाईल प्रकार, वर्डप्रेस ५.८ पासून चालतं), आणि १५०-२०० केबीच्या आत ठेवा. वर्डप्रेस स्वतः २५६० पिक्सेलच्या वरचे फोटो लहान करतं पण मोबाईलला २५६० पण जास्तच झाले, आणि पेज बिल्डरमधे "फुल साईझ" निवडलेलं असेल तर तेच जातं. दिवाळीच्या शुभेच्छांचा बॅनर पीएनजीमधे असेल तर तो पण जेपीजी किंवा वेबपी करा, फोटो असलेला पीएनजी उगाच जड होतो.

वरचा पहिला मोठा फोटो लेझी लोड (पान तिथवर सरकलं की मगच फोटो मागवणं) करू नका. खालचे करा. काही प्लगइन सगळ्यांनाच सरसकट लेझी लोड लावतात, मग ज्या फोटोवर एलसीपी मोजला जातो त्यालाच ब्राउझर उशिरा मागवतो. प्लगइनच्या सेटिंगमधे पहिला फोटो वगळायची सोय असते, तिथे वगळा. तोच फोटो बॅकग्राउंड म्हणून सीएसएसमधून (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधून) लावला असेल तर ब्राउझरला तो आहे हेच उशिरा कळतं, साधा फोटो म्हणून लावा. प्रत्येक फोटोला रुंदी-उंची दिलेली हवी, नाहीतर उड्या.

स्लायडरबद्दल माझं मत विचाराल तर काढून टाका. दुसरी स्लाईड कोणी बघत नाही, मालक सोडून.

आणि हे परत होतं ते इथूनच. फोटो कोण चढवतं ते बघा. पुतण्या, दुकानातला मुलगा, जो कोण असेल त्याच्यासाठी चढवतानाच लहान करणारं प्लगइन बसवा. त्याला समजावून काही होत नाही, सीझनच्या घाईत कोणाच्या लक्षात राहणारे.

चौथं चेक: बाहेरून येणारं सामान

चॅटचा बुडबुडा, फेसबुकचा फीड, इन्स्टाचा फीड, गूगल मॅप, यूट्यूबचा व्हिडिओ, पॉपअप, आणि मागच्या वर्षी सोडून गेलेल्या जाहिरात एजन्सीचे टॅग मॅनेजरमधले टॅग्स (जाहिरातींचं मोजमाप करणारे कोडचे तुकडे) जे अजून चालूच आहेत. यातलं प्रत्येक जण स्वतःची जावास्क्रिप्ट (ब्राउझरमधे चालणारा कोड) घेऊन येतं आणि फोनच्या प्रोसेसरला कामाला लावतं, म्हणून टॅप केल्यावर पान गप्प बसतं. आयएनपी खराब असेल तर आधी इथे बघा, फोटोंचा त्याच्याशी संबंध फार नाही.

कसं पकडायचं: नेटवर्क टॅबमधे त्या डोमेनच्या रिक्वेस्टवर राईट क्लिक, ब्लॉक करा, पान परत लोड करा. फरक पडला की चोर सापडला. साईटला काही धक्का लागत नाही, फक्त तुमच्या ब्राउझरपुरतं आहे. मग व्हिडिओच्या जागी फोटो ठेवा आणि क्लिक केल्यावरच व्हिडिओ येऊ द्या, मॅपच्या जागी साधी लिंक द्या. व्हॉट्सॲपचं बटण हवंच असेल तर त्याला प्लगइन कशाला, साधी लिंक आणि एक छोटं चित्र पुरतं.

मराठी साईटवाल्यांसाठी: फॉन्ट

देवनागरी फॉन्टमधे जोडाक्षरांमुळे आकार कितीतरी जास्त असतात, त्यामुळे फाईल इंग्रजीपेक्षा जड. मुक्ता हा फॉन्ट छान आहे पण त्याची सातही वजनं (जाड-बारीक प्रकार) लोड करायची गरज नाही, दोन पुरतात, साधं आणि ठळक. फॉन्ट येईपर्यंत मजकूर कोरा राहू नये म्हणून फॉन्ट डिस्प्लेला स्वॅप लावा, पण मग आधीचा फॉन्ट आणि नंतरचा यांच्या ओळींची उंची वेगळी असेल तर पान उडी मारतं, देवनागरीत हे जास्त जाणवतं कारण वर वेलांट्या आणि खाली उकार. मी आता लेखाच्या मजकुराला फोनचाच फॉन्ट ठेवतो, अँड्रॉइडवर नोटो देवनागरी असतोच बहुतेक, आणि फक्त मथळ्यांना वेगळा.

आणि जी-झिप किंवा ब्रॉटली कॉम्प्रेशन (पान आवळून पाठवणं) चालू आहे का बघा. यूटीएफ-८ मधे (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, इंग्रजीचं १. कॉम्प्रेशनने ते बरंचसं आवळलं जातं, बंद असेल तर मोठा मराठी लेख उगाच जड जातो. नेटवर्क टॅबमधे पहिल्या ओळीच्या हेडर्समधे कंटेंट एन्कोडिंग दिसलं पाहिजे. नसेल तर होस्टिंगच्या सपोर्टला सांगा, एका मेसेजचं काम आहे.

पाचवं चेक: प्लगइन आणि कॅशे

हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग नावाचं प्लगइन आहे, त्यात ट्रबलशूटिंग मोड चालू केला की बाकी प्लगइन फक्त तुमच्यापुरते बंद होतात, गिऱ्हाइकाला साईट जशीच्या तशी दिसते. एकेक चालू करत जा. कुठली क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) रखडते ते क्वेरी मॉनिटर नावाच्या प्लगइनमधे दिसतं. काम झालं की तो पण बंद करा.

कॅशे प्लगइन एकच. दोन असले की एक पान साठवतो, दुसरा पुसतो, आणि भाव बदलला तरी गिऱ्हाइकाला जुनाच दिसतो. कार्ट, चेकआउट, माय अकाउंट कॅशेतून वगळलेलं हवं, नाहीतर एकाची पेटी दुसऱ्याच्या कार्टमधे, आणि तो फोन मग तुम्हालाच येतो. अजून एक बारीक गोष्ट जी खूप जण बघत नाहीत: फेसबुकवरून आलेल्या लिंकला मागे एफबीक्लिड चिकटतं, गूगलच्या जाहिरातीला जीक्लिड, आणि तुमचा कॅशे ते दुर्लक्षित करत नसेल तर जाहिरातीवर पैसे देऊन आणलेल्या प्रत्येक माणसाला कॅशेशिवायचं स्लो पान मिळतं. प्लगइनच्या सेटिंगमधे दुर्लक्ष करायच्या पॅरामीटर्सची यादी असते, त्यात हे आहेत का बघा.

सहावं चेक, इथून पैसे लागू शकतात: होस्टिंग

नेटवर्क टॅबमधे पहिल्या ओळीवर क्लिक करून टायमिंगमधे सर्व्हरच्या उत्तराची वाट किती बघितली ते बघा. हाच टीटीएफबी, म्हणजे पहिला बाइट येईपर्यंतचा वेळ, तो ८०० मिलिसेकंदांच्या आत हवा. कॅशे असूनही दीड-दोन सेकंद येत असेल तर तुम्ही फोटो कितीही बारीक करा, तेवढा वेळ जाणारच, कारण बाकी सगळं त्याच्यानंतर सुरू होतं.

आधी पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं ती) व्हर्जन बघा. अजून ७.४ वर साईट्स सापडतात, तिचा सपोर्ट २०२२ च्या नोव्हेंबरातच संपला. ८ च्या नव्या व्हर्जनवर जायला होस्टिंग पॅनलमधे एक क्लिक लागतो पण आधी बॅकअप घ्या, जुनी थीम फुटू शकते. मग सर्व्हर कुठे आहे ते बघा. अमेरिकेत असेल आणि गिऱ्हाईक ठाण्यात, तर प्रत्येक फेरीला दोनशे-अडीचशे मिलिसेकंद जातात आणि कनेक्शन जोडायलाच अशा दोन-तीन फेऱ्या होतात. मुंबईत डेटा सेंटर देणारे होस्ट आता पुष्कळ आहेत. क्लाउडफ्लेअर (गिऱ्हाइकाजवळच्या सर्व्हरवरून साईट पोचवणारी सेवा) फुकटात लावता येतं पण ते डिफॉल्टला फक्त फोटो, सीएसएस, स्क्रिप्ट साठवतं, मूळ पान नाही, त्यामुळे टीटीएफबी तेवढ्याने सुधारत नाही.

सर्च कन्सोलमधे सेटिंग्जच्या आत क्रॉल स्टॅट्स आहे, तिथे गूगलबॉटला (साईट्स वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम) सरासरी किती वेळात उत्तर मिळालं त्याचा आलेख असतो. तो चढत गेलाय आणि ५०० च्या घरातले एरर दिसतायत तर गूगलबॉट स्वतःच हात आखडता घेतो. पन्नास पानांच्या साईटला त्याने फार फरक पडत नाही, हजारो प्रॉडक्ट्स असतील तर नवीन पानं इंडेक्स व्हायला उशीर होतो.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

डेटाबेस. वर्डप्रेसच्या साईट हेल्थ पानात ऑटोलोडेड ऑप्शन्सची (प्रत्येक पानासोबत लोड होणाऱ्या सेटिंग्जची) सूचना आली असेल (वर्डप्रेस ६.६ पासून ८०० केबीच्या वर गेलं की येते), किंवा वूकॉमर्सच्या ॲक्शन शेड्युलरमधे (मागे चालणाऱ्या कामांची रांग) फेल झालेल्या नोंदींचा डोंगर साचला असेल, तर निदान तुमचं बरोबर आहे पण पीएचपी माय ॲडमिन (होस्टिंगमधलं डेटाबेस हाताळायचं साधन) उघडून टेबलं पुसायला बसू नका. चुकीची ओळ गेली तर ऑर्डर्स जातात.

तसंच नेमसर्व्हर (तुमच्या डोमेनचा पत्ता कुठे जातो ते ठरवणारं) बदलायची वेळ आली तर, कारण तिथे मेलची सेटिंग्ज पण असतात आणि ती सुटली की मेल बंद. सीझन चालू असताना आणि पेमेंट येत असताना चेकआउटला हात लावायचा असेल तर. बॅकअप नसेल तर काहीच करायचं नाही. आणि सर्च कन्सोलमधे तुम्ही कधी लिहिलीच नाहीत अशी जपानी किंवा जुगाराची पानं दिसली तर साईट हॅक झालीये, स्लोपणा हे त्याचं नुसतं एक टोक आहे, त्याच दिवशी फोन करा.

ज्याला बोलवाल त्याला "स्लो आहे" एवढंच सांगू नका, त्यात त्याचा अर्धा दिवस आणि तुमचे पैसे जातात. कुठलं पान, मोबाईल की डेस्कटॉप, तीन आकडे, टीटीएफबी, आणि वरच्यातलं काय काय करून झालं ते लिहून द्या. "स्कोअर १०० करून देतो" म्हणणाऱ्याला विचारा की खऱ्या लोकांचा डेटा कधी हिरवा होईल. काही जण सगळ्या स्क्रिप्ट्स पहिल्या टॅपपर्यंत रोखून ठेवतात, टेस्टमधे कोणी टॅप करत नाही म्हणून ९५ दिसतो, आणि खरं गिऱ्हाईक टॅप करतं तेव्हा सगळं एकदम कोसळतं आणि आयएनपी आधीपेक्षा वाईट होतो.

दुरुस्ती झाली की सर्च कन्सोलमधे "व्हॅलिडेट फिक्स" दाबा आणि कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा. डेटा २८ दिवसांचा फिरता असतो, त्यामुळे आठवड्याभरात काही दिसलं नाही म्हणून परत नवीन प्लगइन टाकू नका.